चित्रगृहाची वहिवाट

देवालयाची वहिवाट बिघडली म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. गाभाऱ्यात नंदादीप तेवत असतो, दोन्ही वेळा घंटा वाजते, पंचांगातले उत्सवही यथाकाल होतात. तरीसुद्धा एखाद्या देवळाच्या पायरीवर पाऊल ठेवताच येथे कोणाचे लक्ष नाही, हे मनुष्याला उमजते. सभामंडप गळत असतो, समईवर काजळी चढलेली असते, पाय धुण्याच्या नळाला पाणी नसते. हिशेबाची वही मात्र चोख असते. अशा देवळातला देव कोठे जात नाही. माणसे तेवढी हळूहळू यावयाची थांबतात. मग वहिवाटदार सुस्कारा टाकून म्हणतो, 'काय करावे, लोकांची श्रद्धाच उरली नाही.'

चित्रगृह म्हणजे देवालय नव्हे, आणि त्याच्या मालकाला कोणी सनद देऊन तेथे बसविलेले नसते. ती त्याची खाजगी मिळकत. तथापि ज्या वास्तूत एका वस्तीच्या तीन पिढ्या आपल्या कमाईतले चार पैसे देऊन एकत्र बसल्या, हसल्या आणि पदराने डोळे टिपीत बाहेर आल्या, त्या वास्तूची मालकी नुसती मालकी राहत नाही, तिला वहिवाटीचे स्वरूप येते, असे आमचे मत आहे. हैदराबादेतील आमच्या भागातल्या एका चित्रगृहाकडे या दृष्टीने पाहावयाचे आम्ही योजिले आहे. चित्रपटांची परीक्षणे नित्य होतात. ते जेथे दाखविले जातात त्या घराचेही एकदा परीक्षण व्हावयास हवे.

या चित्रगृहाचे नाव आम्ही घेत नाही. आमचे भांडण एका माणसाशी नसून एका वृत्तीशी आहे, आणि ती वृत्ती एकाच फाटकाआड राहत नाही. कचिगुडा स्थानकापासून सुलतान बाजारापर्यंतचा टापू ज्यांनी पायांखाली घातला आहे, त्यांना ते ओळखता येईल. ज्यांना येणार नाही, त्यांनी आपल्या गावातले असेच एखादे डोळ्यांसमोर आणावे.

हा टापू मराठी माणसांना परका नाही. सुलतान बाजार व त्याच्या आसपासच्या पेठा १९३३ पर्यंत इंग्रज रेसिडेंटाच्या अमलाखाली होत्या. संस्थानात जे बोलणे अवघड, ते तेथे थोडे मोकळेपणाने बोलता येई. म्हणून शाळा, ग्रंथालये आणि सभासंमेलने यांची तेथे दाटी झाली. १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी याच भागातली. कचिगुड्याचे रेल्वेस्थानक १९१६ चे. मनमाड-औरंगाबादकडून येणारी मीटरगेज गाडी मराठवाड्यातल्या कितीएक कुटुंबांना त्याच फलाटावर उतरवून गेली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि जे येथे राहिले ते एका रात्रीत आपल्याच शहरात अल्पसंख्य झाले. त्यांच्या पाठोपाठ पेढ्यांच्या, बँकांच्या आणि रेल्वेच्या नोकऱ्यांनिमित्त कोंकणी घरेही आली. अशा लोकांना शाळा हवी असते, देऊळ हवे असते. आणि आणखी एक जागा हवी असते, जेथे कोणी कोणाला बोलावलेले नसते, तरी सगळे भेटतात.

आमच्यापुरती ती जागा म्हणजे हे चित्रगृह. रविवारी सकाळच्या खेळाला तेथे अधूनमधून मराठी चित्रपट लागे. शनिवारीच निरोप फिरत. सकाळी अंघोळ-पूजा आटोपून, कपाळी गंध लावून मंडळी निघत, आणि तिकिटाच्या खिडकीपाशी लग्नघराची गर्दी होई. पडद्यावर काय चालले आहे याइतकेच महत्त्व मध्यंतराला असे. कांद्याचे छोटे समोसे खाता खाता मुलींची स्थळे सुचविली जात, गणेशोत्सवाची वर्गणी ठरे, गावाकडून आलेले पत्र वाचून दाखविले जाई. दुपारनंतर तेच घर तेलुगू आणि हिंदी होत असे. पुढे नेलटिकीट, म्हणजे जमिनीवरची बैठक, तिच्यामागे बाके, त्यामागे खुर्च्या आणि वर बाल्कनी, अशी उतरंड असली, तरी छप्पर एकच होते आणि हुंदका एकाच ठिकाणी फुटत होता. उर्दू बोलणारा टांगेवाला, तेलुगू बोलणारी भाजीवाली आणि मराठी बोलणारा कारकून एका गोष्टीवर एकाच क्षणी हसत आहेत, असे दृश्य या शहरात दुसरीकडे फारसे दिसत नसे.

ज्यांना चित्रगृह व भाविकता यांचा संबंध विचित्र वाटत असेल त्यांना थोडे स्मरण देतो. १९६० साली 'श्री वेंकटेश्वर माहात्म्यम्' हा तेलुगू चित्रपट निघाला, तेव्हा चित्रगृहाच्या आवारात बालाजीची मूर्ती ठेवण्यात आली आणि प्रेक्षक तिकिटाबरोबर हुंडीतही पैसे टाकून आत गेले. १९७५ च्या 'जय संतोषी माँ'च्या खेळाला बायका चपला बाहेर काढून बसत आणि पडद्यावर नाणी उधळीत, हे तर आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. या भाबडेपणाला हसणे सोपे आहे. पण ज्या जागेत शिरताना माणसे चपला काढतात, त्या जागेच्या धन्यावर काही जबाबदारी येऊन पडते की नाही?

आणि ही जागा केवळ भाविकांचीच नव्हती. श्याम बेनेगल हे आमच्या कोंकणी समाजातले. त्यांचा जन्म १९३४ साली सिकंदराबादेजवळच्या त्रिमलगिरीचा. तेथील लष्करी छावणीच्या चित्रगृहात लहानपणी पाहिलेल्या चित्रपटांनी त्यांना या कलेचे वेड लावले. विद्यार्थिदशेतच त्यांनी हैदराबादेत फिल्म सोसायटी काढली, आणि पुढे १९७४ साली याच मुलखातली गोष्ट घेऊन 'अंकुर' केला. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा त्यांच्या चित्रपटांविषयी पुष्कळ लिहून आले. ज्या साध्या चित्रगृहाने त्या मुलाला प्रथम अंधारात बसवून घेतले, त्याच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. रोप वाढल्यावर आळ्याची आठवण कोण ठेवतो?

असो. आता आमच्या चित्रगृहाकडे वळू.

गेल्या पावसाळ्यात आम्ही बऱ्याच वर्षांनी तेथे गेलो. फाटकाचा एक दरवाजा बिजागरीवरून निखळून भिंतीला टेकविलेला होता. तिकिटाच्या खिडकीतल्या मनुष्याने तिकीट दिले, पण आसनाचा क्रमांक दिला नाही. 'कहीं भी बैठो' म्हणाला. आत गेल्यावर त्याचे औदार्य उमगले. बसण्याजोग्या खुर्च्या शोधूनच बसावे लागत होते. कोणाची बैठक फाटून काथ्या बाहेर आलेला, कोणाची पाठ गेलेली. छताला ज्या ठिकाणी पाणी झिरपत होते, तेथे खाली एक रंगाचा रिकामा डबा ठेविला होता आणि त्यात टपटप चालू होती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर एक तपकिरी ओघळ. चित्र असे मंद की, पडद्यावर भर दुपार असूनही आम्हांस ती दिवेलागणीची वेळ वाटली. ध्वनी एकाच बाजूने येत होता. एवढ्या मोठ्या घरात आम्ही धरून सतरा माणसे होतो, आणि त्यांत स्त्री एकही नव्हती.

ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्रगृह एकाएकी बंद पडत नाही. ते पायरीपायरीने उतरते, आणि त्या पायऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिल्याने दिव्यात काटकसर होते. पूर्वी कार्बनच्या कांड्या जाळून प्रकाश करीत, तेव्हा विजेचे बिल वाचविण्यासाठी प्रवाह कमी ठेवावयाचा. आता यंत्र बदलले, तर दिव्याचे आयुष्य संपल्यावरही तोच दिवा चालवावयाचा. प्रेक्षकाला नेमके काय बिघडले ते कळत नाही. डोळे शिणले एवढेच कळते. दुसऱ्या पायरीवर ध्वनी जातो. तिसऱ्या पायरीवर झाडलोट करणारा मनुष्य कमी होतो, आणि त्याचा पहिला परिणाम स्त्रियांच्या स्वच्छतागृहावर होतो. ज्या दिवशी एखादी गृहिणी मुलीला घेऊन तेथून नाकाला पदर लावून परत येते, त्या दिवशी त्या चित्रगृहाचा निकाल लागलेला असतो. मालकाला तो दहा वर्षांनी कळतो. बाई गेली की मुले गेली, मुले गेली की घर गेले. मग घरंदाज चित्रपट तेथे देण्यास वितरक कचरतो, जे मिळेल ते लावावे लागते, आणि जे लागते त्याला साजेसा प्रेक्षक येतो. आमच्या चित्रगृहात रविवार सकाळचा तो मराठी खेळ बंद झाला, त्यानंतर काही वर्षे त्याच वेळेला 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी लागत असे. आमच्या शेजारच्या एक वृद्ध कोंकणी बाई त्या रस्त्याने देवळात जावयाच्या. त्यांनी रस्ता बदलला. कारण विचारले तेव्हा एवढेच म्हणाल्या, 'थंय आतां कोण वता?'

मालकाची बाजू आम्ही ऐकली नाही असे नाही. ती ऐकण्याजोगी आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, मग व्हिडिओ आला, मग केबल आली. २००३ साली हुसेनसागराच्या काठी प्रसाद्स हे बहुपडदा चित्रगृह उघडले आणि शहरातल्या सुखवस्तू प्रेक्षकाने आपला मुक्काम हलविला. आता तर चित्रपट खिशातल्या फोनवर येतो. रिळे जाऊन नवी यंत्रे आली, त्यांचा खर्च सामान्य मालकाला झेपण्यासारखा नव्हता. २०१७ साली वस्तु-सेवा कर आला, तेव्हा शंभर रुपयांवरच्या तिकिटावर तो शेकडा २८ होता. पुढे २०१९ मध्ये १८ वर आला. शंभरपर्यंतच्या स्वस्त तिकिटावरचा कर शेकडा ५ पर्यंत उतरण्यास २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. २०२४ च्या मे महिन्यात तर तेलंगणातील एकपडदा चित्रगृहांनी, लावण्याजोगे चित्रपट नाहीत आणि प्रेक्षक नाहीत म्हणून, दहा दिवस आपणहून दारे लावून घेतली. एवढे सर्व खरे आहे.

पण हे सर्व ज्यांच्यावर कोसळले, ती सारीच चित्रगृहे सारख्याच गतीला गेली नाहीत. आणि येथेच मालकाचा युक्तिवाद लंगडा पडतो. आमच्या याच कचिगुड्याच्या परिसरात तारकरामा नावाचे चित्रगृह आहे. एन. टी. रामाराव यांच्या कुटुंबाचे हे चित्रगृह १९७८ साली त्यांच्याच 'अकबर सलीम अनारकली' या चित्रपटाने सुरू झाले. त्यालाही उतरती कळा लागली. परंतु एशियन सिनेमाज या चित्रगृहे चालविणाऱ्या मंडळींनी त्याची डागडुजी केली, आणि २०२२ च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडले. वस्ती तीच, कर तोच, दूरदर्शन आणि फोन तेच. फरक एवढाच की, ज्यांना हा धंदा करावयाचा होता त्यांच्या हाती ते गेले. मग दोष फोनचा की वहिवाटीचा?

धंदा करावयाचा आहे, असे आम्ही मुद्दाम म्हटले. कारण आज पुष्कळ चित्रगृहांच्या मालकांना तो करावयाचाच नसतो. चित्रपट लावण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत जमा झालेल्या पैशांत मालकाचा शेकडा हिस्सा असतो. दुसरीत चित्रगृह ठराविक भाड्याने देऊन टाकावयाचे. हिस्सा असला की रिकामी खुर्ची मालकाला टोचते. भाडे ठरले की ती दुसऱ्याला टोचते, आणि तो दुसरा आज आहे, उद्या नाही. तो छप्पर कशाला शाकारील? असे चित्रगृह घरमालकाला आपले वाटत नाही आणि भाडेकऱ्याला तर नाहीच नाही. जमीन कुळाकडून काढून वर्षावर्षाच्या खंडाने लावली म्हणजे बांध कोण घालतो, हे शेतकऱ्याला विचारावे. तेलुगू मुलखात मोठ्या संख्येने चित्रगृहे थोड्या बड्या हातांत भाडेपट्ट्याने गेली, हा वाद तेथे जुना आहे. २०२५ च्या मे महिन्यात चित्रगृहचालकांनीच 'आम्हांला भाडे नको, हिस्सा द्या. नाहीतर १ जूनपासून दारे बंद' असा इशारा दिला होता. दारे बंद झाली नाहीत. परंतु दुखणे कोठे आहे, हे त्या इशाऱ्याने चव्हाट्यावर आले. ज्याला आपले म्हणावे असा हिस्सा नाही, तो झाडू हाती घेत नाही.

याहून वाईट वृत्ती एक आहे, आणि आमच्या चित्रगृहाला तीच भोवते आहे असा आम्हांला संशय येतो. ती म्हणजे इमारत पडण्याची वाट पाहत बसणे. इमारतीखालची जमीन आता इमारतीपेक्षा, आणि तिच्यातल्या सर्व खेळांपेक्षा मोलाची झाली आहे. कचिगुडा चौरस्त्यावरची महेश्वरी-परमेश्वरी ही जोडचित्रगृहे जाऊन तेथे त्याच नावाचा मॉल उभा आहे. त्यात निदान पडदे तरी राहिले. सिकंदराबादचे संगीत चित्रगृह गेले आणि चौकाला 'संगीत' हे नाव उरले. हिमायतनगरचे लिबर्टी गेले. लिबर्टी चौरस्ता राहिला. पॅरडाइज चित्रगृहातले उपाहारगृह १९५३ चे. चित्रगृह मिटले, आणि आज देशभर त्या नावाने लोकांना बिर्याणी तेवढी आठवते. जमीन विकणे हा मालकाचा हक्क आहे, त्याला आमची हरकत नाही. सरळ विकणारा मनुष्य प्रामाणिक म्हणावा लागेल. पण विकावयाचेही नाही, चालवावयाचेही नाही, भाव चढेपर्यंत गळक्या छपराखाली तिकिटे फाडीत राहावयाचे, याला काय म्हणावे? म्हाताऱ्या आईला औषधही न देता तिच्या दागिन्यांची यादी करीत बसणाऱ्या मुलासारखे हे आहे.

यात केवळ गैरसोयीचा प्रश्न असता, तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. प्रश्न जिवाचा आहे. याच सुलतान बाजार-कोठीच्या भागात १९३६ साली मोतीमहाल चित्रगृहाला आग लागली आणि तीत स्त्रियांचे बळी गेले. त्यांचे स्मारक कोठीत उभारले गेले. त्याच्या बाजूने रोज हजारो लोक जातात, आणि तो दगड कशाचा हे थोड्यांनाच ठाऊक असते. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री आर. टी. सी. चौरस्त्यावरील संध्या चित्रगृहात एका लोकप्रिय नटाच्या आगमनाने उसळलेल्या गर्दीत एका स्त्रीचा प्राण गेला व तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. ते चित्रगृह ओस पडलेले नव्हते, उलट तुडुंब भरलेले होते. तात्पर्य, घर रिकामे असो की भरलेले, आत आलेला मनुष्य धडपणे बाहेर जाईल याची हमी धन्यानेच द्यावयाची असते. आमच्या चित्रगृहात गेल्या पावसाळ्यात आम्ही बाहेर पडण्याचे दार शोधले. लाल अक्षरांची पाटी होती. तिच्यातला दिवा विझलेला होता. दाराच्या कडीत एक सायकलची साखळी अडकवून कुलूप घातलेले होते. डोअरकीपरला विचारले, तर म्हणाला, 'फुकटे शिरतात, साहेब.' सतरा माणसांच्या घरात फुकटे शिरण्याची भीती!

येथपर्यंत आम्ही मालकाला दोष दिला. आता थोडा स्वतःकडेही वळवावा लागेल, नाहीतर हे परीक्षण एकांगी होईल. पहिली खुर्ची मोडली तेव्हा आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसलो. चित्र मंद दिसू लागले तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला असे समजून गप्प राहिलो. रविवारचा मराठी खेळ बंद झाला तेव्हा घरी दूरदर्शनसंच घेतला. त्या सबंध काळात आमच्यापैकी दहा माणसे मिळून मालकाकडे गेली आहेत, किंवा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे एक अर्ज गेला आहे, असे आम्हांला आठवत नाही. देवळाचा कळस जरा कलला तर आम्ही सभा बोलावितो, वर्गण्या काढतो, जीर्णोद्धार समिती नेमतो. चित्रगृह म्हटले की ते परक्याचे. आपण तिकीट काढले, आपला संबंध संपला. सोडून जाणे ही सर्वांत निमूट टीका आहे, म्हणूनच ती सर्वांत निरुपयोगी. ज्याच्यावर ती केली, त्याला ती ऐकूच येत नाही.

मग करावे काय? जुने दिवस परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. ते येणार नाहीत, आणि सर्वच चांगले होते असेही नाही. हजार खुर्च्यांचे घर रोज चार वेळा भरेल ही आशाही व्यर्थ आहे. आमचे मागणे अगदी थोडके आहे. बाहेर पडण्याची दारे उघडी आणि वरचे दिवे जळते असावेत. स्त्रियांच्या स्वच्छतागृहात पाणी आणि कडी असावी. पडद्यावर दुपार ही दुपार दिसावी. यांतल्या कशालाही मॉलएवढे भांडवल लागत नाही, लक्ष लागते. मालकाला ते देता येत नसेल, तर ज्याला देता येईल त्याच्या हाती हिश्शाने द्यावे, आणि तेही जमत नसेल तर सरळ दार लावावे. अर्धवट उघडे दार हे सर्वांत धोक्याचे.

आणि आमच्या मंडळींनी आपल्या बाजूने एवढे करावे. या शहरात मराठी संस्था आहेत, कोंकणी मंडळे आहेत, देवस्थानांच्या समित्या आहेत. महिन्यातून एका रविवारी सकाळचा एक खेळ सर्वांनी मिळून घ्यावा; एकदा मराठी, एकदा कोंकणी. तिकिटांची हमी आम्ही देऊ, दारे व दिवे तुम्ही सांभाळा, असा रोख करार करावा. कराराने बांधलेला मालक कदाचित सुधारेल. न सुधारला तर निदान आपण न सांगता निघून गेलो, असे कोणी म्हणणार नाही.

त्या दिवशी खेळ सुटला तेव्हा पाऊस थांबला होता. सतरा माणसे एकमेकांशी न बोलता पांगली. यंत्राच्या खोलीतला ऑपरेटर खाली उतरून आला. त्याने छताखालचा रंगाचा डबा उचलला, बाहेर गटारात ओतला आणि पुढच्या खेळासाठी पुन्हा त्याच जागी नेऊन ठेवला. त्या सबंध इमारतीत वहिवाट म्हणण्यासारखे आम्हांस एवढेच दिसले, आणि ते मालकाने केलेले नव्हते.